झपझपरावांचा उजवा पाय

मी एक जुना लाकडी फर्मा आहे. मित्रांनो, फर्मा म्हणजे बूट शिवण्यासाठी कोरलेले लाकडी पाऊल. माझ्यावर चामडे ताणायचे, खिळे ठोकायचे आणि बूट झाला की मला ओढून बाहेर काढायचे, असे माझे आयुष्य. मार खाण्यात माझा हात कोणी धरणार नाही. मला हातच नाहीत, ही गोष्ट वेगळी.

मी ज्यांचा उजवा पाय आहे ते गृहस्थ पोस्टमन. त्यांची चाल अशी भरभर, की सारा बाजार त्यांना झपझपराव म्हणतो. तयार बूट त्यांना दोन महिनेही पुरत नसत, म्हणून ते आमच्या मालकांकडे आले. मालकांनी त्यांना कागदावर उभे केले, पेन्सिलीने पायांची कड काढली आणि मला व माझ्या डाव्या भावाला कोरले. पहिले बूट घालून झपझपरावांनी दुकानात चार फेऱ्या मारल्या. "उस्ताद, पायात काही आहे असं वाटतच नाही!" ते म्हणाले. मालकांची छाती फुगली. माझीही फुगली असती.

दरवर्षी एक जोड, असे चालले होते. पाचव्या वर्षी मात्र नवे बूट चावले. झपझपराव भिडस्त. "चामडं आहे, होईल सैल," म्हणत ते लंगडत निघाले. मालकांनी ते पाहिले. आपलीच सूतभर चूक झाली असेल, असे समजून त्यांनी आम्हा दोघांच्या चवड्यांवर चामड्याचा एकेक पातळ तुकडा डकवला आणि कोणाला काही सांगितले नाही. कारागिराला आपली चूक बोलून दाखवणे फार जड जाते. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. दुसरा तुकडा, मग तिसरा, मग चौथा. मालकांनी चष्मा बदलला, नवी टेप आणली. एकदा तर मला उजेडात धरून म्हणाले, "तुझं लाकूड आटलं की काय रे?" मला रागच आला. मी तसूभरही आटलो नव्हतो.

शेवटी एके सकाळी त्यांनी चामड्याला भोके पाडायची आरी खाली ठेवली. "हात गेला माझा. झपझपरावांचा यंदाचा जोड झाला की दुकान बंद."

मालकीणबाई मशीनवर बुटांचे वरचे भाग शिवत होत्या. त्यांनी मान वर केली. "बाकीच्या गिऱ्हाइकांचे बूट चावतात?"

"नाही."

"मग हात काय एकट्या झपझपरावांपुरता गेला?"

त्याच दिवशी झपझपराव माप द्यायला आले. बाईंनी आठ वर्षांपूर्वीचा कागद शोधून त्यांना त्यावर उभे केले. पाय सगळीकडून रेघेबाहेर!

"भावजी, पन्नाशीत पाय वाढतो का हो?"

झपझपराव हसले. मग हळूहळू एकेक बाहेर आले. अंगठी कापून काढावी लागली होती. टोपी बसत नव्हती, आवाज घोगरा झाला होता, डोके सारखे ठणकत होते. "वय झालं, वहिनी. दुसरं काय!"

"वयाने माणूस आटतो, वाढत नाही. उद्या डॉक्टरांकडे जायचं. आणि हा पुरावा बरोबर न्यायचा."

पुरावा म्हणजे मी!

मला पिशवीत घालून मालकही झपझपरावांबरोबर गेले. डॉक्टरबाईंनी माझ्यावरचे थर मोजले. मग रक्त तपासले, डोक्याचा फोटो काढून घेतला आणि झपझपरावांना समोर बसवले. "मेंदूच्या तळाशी मटाराच्या दाण्याएवढी एक ग्रंथी असते. तिला पीयूषिका म्हणतात. अशा ग्रंथी रक्तातून अंगभर निरोप धाडतात. कुठे वाढायचं, कुठे थांबायचं, साखर किती जाळायची. या निरोपांना संप्रेरकं म्हणायचं. तुमच्या खात्यासारखंच काम आहे. फक्त तुमच्या पीयूषिकेवर एक छोटी गाठ आलीय, आणि ती 'वाढा, वाढा' हे एकच पत्र रोज टाकतेय."

"आणि हातपाय बिचारे हुकूम पाळतायत," झपझपराव म्हणाले. "शिक्का तर खरा आहे ना!"

"हसा. पण तेच पत्र हृदयालाही जातंय. आणखी उशीर परवडणार नाही."

तेव्हा मात्र झपझपरावांचे हसू मावळले. मालकांचा चेहरा तर पाहवत नव्हता. चार वर्षे आपण गुपचूप तुकडे डकवत बसलो, हे त्यांच्या मनाला फार लागले.

गाठ नाकाच्या वाटेने काढली. "एवढं मोठं झालेलं नाक एकदाचं कामी आलं," असे झपझपराव शुद्धीवर आल्यावर म्हणाले म्हणे.

काही महिन्यांनी ते दुकानात आले. मालकांनी माप घेतले. पुन्हा घेतले. मग चामडे कापायची रापी उचलून माझ्यावरचा चौथा तुकडा सोलून काढला आणि ओरडले, "अहो, सूज उतरली!" उरलेले तीन तुकडे तसेच राहिले, कारण वाढलेले हाड मागे जात नाही. पुढच्या वर्षी माप तेवढेच भरले. त्याच्या पुढच्या वर्षीही. दुकान बंद करायचे नाव मालकांनी पुन्हा काढले नाही.

मित्रांनो, पूर्वी मला या ठिगळांची लाज वाटे. आता वाटत नाही. तुम्हाला एकच विनंती, कुठे काही चावत असेल, बदलत असेल, तर भिडेपोटी गप्प राहू नका. आणि दुसऱ्याचे चावताना दिसले, तर गुपचूप ठिगळ लावण्याआधी त्याला विचारा.

काल झपझपरावांनी नवा जोड घातला, चार फेऱ्या मारल्या आणि थांबले. "उस्ताद, डावा चावतोय हो."

मालकांनी आत बोट घालून पाहिले. एक खिळा वर आला होता. या खेपेला चूक खरोखरच त्यांची होती, आणि त्यांना इतके पोट धरून हसताना मी कधीच पाहिले नव्हते.