दार मीच उघडलं

लुबर्ट हुक्सेमा आयुष्यात कधी गायला नाही. स्टेजवरच्या साथीदार हिलेनं पियानोवर चाल वाजवायची आणि त्यानं गाण्याचे शब्द नुसते बोलायचे, ही दोघांची बावीस वर्षांची रीत. गाणाऱ्यांची तो स्टेजवर यथेच्छ टर उडवायचा. "गायलं की दुःख गोड लागतं," म्हणायचा. "मला ते गोड करायचं नाहीये."

दुःख होतं येल्लेचं, थोरल्या भावाचं. युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात येल्ले माळ्यावर लपला होता. बाहेरून कुणी तरी 'पाव आणलाय' म्हणालं आणि चौदा वर्षांच्या, भुकेल्या लुबर्टनं कडी काढली. बाहेर जर्मन शिपाई होते. त्यावर त्यानं रचलेल्या गाण्याची शेवटची ओळ तेवढीच: दार मीच उघडलं.

पन्नाशी उलटली आणि नोव्हेंबरात लुबर्टच्या मेंदूत रक्ताची गाठ अडकली. तेव्हापासून जीभ अडखळायची. हे गाणं आता गाळू, असं हिलेनं परोपरीनं सांगितलं. तो ऐकेना. येल्लेला नेलं त्या तारखेला ती ओळ लोकांसमोर बोलल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

यंदा ती तारीख रविवारी आली. डेव्हेंटर शहरातल्या छोट्या थिएटरात दुपारचा खेळ होता. बाकीचं गाणं नीट पार पडलं आणि नेमका त्या ओळीवर तो थांबला. बोलणारा थांबला की पियानोनं चालीचा तेवढाच तुकडा घोळवत वाट बघायची. हिले घोळवत राहिली. चारदा, आठदा. लोकांना हा अभिनयच वाटला. लुबर्टचे ओठ हलत होते, शब्द फुटत नव्हता. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि तिचा धीर सुटला. दवाखान्यातली नर्स म्हणाली होती, बोलता येत नाही त्यांना कधी कधी गाता येतं. हिलेनं शेवटच्या ओळीची चाल ठळक वाजवली.

लुबर्ट गायला. घोगरा, बेसूर, पण शब्द न् शब्द स्वच्छ.

अख्खं थिएटर खो खो हसलं. गाणाऱ्यांची टर उडवणारा स्वतःच गायला, लोकांना वाटलं गंमत केली. टाळ्या थांबेनात.

रंगपटात तो कोट न काढताच बसला. काही तरी विचारायचं होतं, पण तोंड नुसतंच उघडत मिटत होतं. हिलेला बघवेना. तिनं तीच चाल हळूच गुणगुणली.

त्या चालीवर लुबर्ट गायला, "का हसले, हिले?"

ती गुणगुणत राहिली, कारण ती थांबली की तो पुन्हा मुका होणार होता.