गूळ खाऊन मिटलेलं

नातीच्या लग्नात तिला मांडवात आणायला तिचा मामा असावा, एवढ्यासाठी आम्ही सगळे धडपडत होतो. योगिनीला मामा एकच, माझा मुलगा सहादू. आणि सहादूने हात मोडला होता तो तिच्याच बापाचा, माझ्या जावयाचा.

भांडण विहिरीवर झालं. सहादू सातपूरला एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला होता. ठेका संपला तसा तो सिन्नरजवळच्या आमच्या गावी परत आला. जावई वाल्मीक आमच्याच गावचे, शेताला शेत लागून. त्या दिवशी दोघं मिळून विहिरीतली मोटर वर काढत होते. पाईप जाम झाला होता आणि सहादूच्या हातात पाईपपाना होता. पाना दोनदा घसरला. जावयाची जीभ पहिल्यापासून तिखट. ते म्हणाले, "कंपनीला लवकर कळलं, आमाला उशिरा कळलं."

"दाजी, तोंड आवरा," सहादू म्हणाला.

त्यावर जावयांनी त्याच्या छातीवर हात मारून त्याला मागे ढकललं. मागे विहीर होती आणि विहिरीला कठडा नाही. मी भाकरी घेऊन बांधावर आले होते, मी ते पाहिलं. सहादू कसाबसा सावरला आणि सावरता सावरताच त्याने पाना फिरवला. जावयाचा उजवा हात कोपराखाली मोडला.

दवाखान्यात हातात रॉड घातला. पोलीस तिथेच जबाब घ्यायला आले. जावई दुखण्याने आणि रागाने पेटलेले. सहादूने पान्याने मारलं, एवढंच त्यांनी सांगितलं. आधी आपण ढकललं ते सांगितलं नाही. सहादूला अटक झाली. माझी मुलगी उज्वला सकाळी नवऱ्याला हाताने भरवायची आणि दुपारी भावाच्या जामिनासाठी नाशिकला जायची. जामिनाचं काम रेहाना वकीलबाईंनी केलं.

मग योगिनीचं लग्न ठरलं आणि जावयाचा राग उतरला. भावकी त्यांनीच बोलावली.

आमच्या भावकीच्या बैठकीची एक रीत आहे. ज्याच्या हातून चूक झाली त्याने सगळ्यांसमोर उभं राहायचं, हात जोडायचे आणि 'माझ्या हातून झालं' एवढंच म्हणायचं. पुढे 'पण' आला की बैठक मोडली. का झालं, आधी कोणी काय केलं, हे काढायचं नाही. मग समोरच्याने गुळाचा खडा फोडून अर्धा त्याला द्यायचा, अर्धा आपण खायचा. गूळ खाल्ल्यावर विषय उकरून काढणाऱ्याला कोणी आपल्या दारात उभं करत नाही.

सहादू उभा राहिला आणि तेवढंच म्हणाला. जावई एका हाताने गूळ फोडायला लागले, फुटेना. तेव्हा रावजी म्हणाले, "मोडायचं काम सहादूकडंच द्या, त्याला जमतं." रावजी माझे चुलतदीर, बैठकीतले सगळ्यात मोठे. सगळे हसले. जावई हसले आणि सहादूही हसला. गूळ त्यानेच फोडला. त्या दिवशी मी पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी दोघं एकाच मोटरसायकलवर पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या हवालदाराने सांगितलं की कागद कोर्टात गेलेत, आता ती तुमची तक्रार राहिली नाही. दोघांना वाटलं, हा टोलवतोय. म्हणून ते वकीलबाईंकडे गेले. मला आणि उज्वलालाही नेलं.

वकीलबाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "वाल्मीकभाऊ, तुम्ही मिटवलंत ते चांगलं केलंत. पण केस तुमची नाही, सरकारची आहे. हत्याराने हाड मोडलं की ते कलम आपसात मिटत नाही. मिटवायला हायकोर्टात अर्ज करावा लागतो. तोवर सहादूला वकील लागणारच. मी नको असेन तर दुसरा करा. सरकारकडून फुकटही मिळतो."

"पण बाई, फिर्यादीच म्हणतोय केस नको," जावई म्हणाले. "मग वकील भांडणार कुणाशी?"

"सरकारशी."

"सरकारचा हात मोडलाय का?"

जावई स्वतःच हसले. वकीलबाई हसल्या नाहीत. विहिरीवर आधी काय झालं होतं, असं त्यांनी विचारलं. दोघंही खाली बघायला लागले. मग उज्वलाने सांगितलं. मीच तिला ते घरी सांगितलं होतं. वकीलबाई पुढे सरकून बसल्या. म्हणाल्या, हेच कोर्टापुढे यायला हवं. आधी ढकललं आणि तेही विहिरीच्या काठावर, हे सिद्ध झालं तर कलमच हलकं होतं. नाहीतर कमीत कमी एक वर्षाची शिक्षा आहे, त्याखाली न्यायाधीशांनाही जाता येत नाही.

आणि गाडी तिथेच अडली. हे बोलायचं म्हणजे गूळ खाल्ल्यावर उकरून काढायचं. जावई बाहेर जाऊन उभे राहिले. सहादू म्हणाला, "दाजींचं नाव मी काढणार नाय." गावात आल्यावर रावजीही तेच म्हणाले की वकील दिला म्हणजे सहादू पुन्हा भांडायला उभा राहिला. सहादूने वकीलबाईंना नको म्हणून कळवलं. त्यांनी निरोप दिला की निदान तारखेला काही कबूल करू नकोस, मला फोन कर.

तारखेच्या दिवशी कोर्टाच्या दारावर कागद लावला होता. मी एकेक अक्षर लावत वाचलं. महाराष्ट्र शासन विरुद्ध सहादू. जावयाचं नाव मी वरपासून खालपर्यंत शोधलं, ते कुठेच नव्हतं.

सहादूने लग्नासाठी घेतलेला शर्ट घातला होता. न्यायाधीशांनी त्याला वकील कुठे म्हणून विचारलं. तो म्हणाला, नको साहेब, आमचं मिटलंय. फुकट वकील मिळेल, असं त्यांनी समजावून सांगितलं. तरी तो नकोच म्हणाला. मग आरोप वाचून दाखवला आणि विचारलं, गुन्हा कबूल आहे का?

सहादूने हात जोडले. बैठकीत उभा राहिला होता तसाच उभा राहिला.

"माझ्या हातून झालं."

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. कबूल केलं तर शिक्षा होईल, ती वर्षापेक्षा कमी असणार नाही, असं त्यांनी सावकाश सांगितलं. विचार करायला दुपारपर्यंत वेळ दिला. बाहेर आल्यावर मी त्याला म्हणाले, वकीलबाईंना फोन लाव. उज्वलाने लावला. त्या दुसऱ्या कोर्टात उभ्या होत्या, फोन उचलला गेला नाही. पुन्हा लाव म्हटलं तर सहादूने तिच्या हातातून फोन घेतला.

"आई, खरं बोलल्यावर माणूस माणसाला सोडतं," तो म्हणाला. "सायेब माणूसच हाय ना."

दुपारी पुन्हा तोच प्रश्न आणि तेच उत्तर. न्यायाधीशांनी तरी विचारलं, "मारण्याआधी काही घडलं होतं का?"

सहादूने मागे वळून जावयाकडे पाहिलं. जावई मान खाली घालून बसले होते. मला वाटलं, आता बोलेल.

"नाय सायेब," तो म्हणाला.

तेव्हा जावई उठले. "सायेब, मी फिर्यादी. माझं काय म्हननं नाय. आमी गूळ खाल्लाय."

मागे कोणीतरी हसलं. न्यायाधीश हसले नाहीत. तुमचं म्हणणं लिहून घेतो, म्हणाले, पण कायद्याने ठरवलेल्याच्या खाली मला जाता येत नाही. सहादूला एक वर्षाची शिक्षा झाली. पोलिसाने त्याचा दंड धरला तेव्हाही तो जावयाकडेच पाहत होता, जणू गूळ फोडायचा अजून बाकी आहे.

संध्याकाळी वकीलबाई भेटल्या. रागावतील असं वाटलं होतं, पण त्या बाकावर आमच्या शेजारी बसल्या. मग म्हणाल्या की स्वतः कबूल केलेल्या गुन्ह्यावर अपील फक्त शिक्षेपुरतं होतं, आणि शिक्षा तर सगळ्यात कमीच दिलीय. हायकोर्टात अर्ज करून बघते, पण आशा देत नाही. लग्नाच्या आत तर नाहीच. पुढचं विचारायची गरज नव्हती. सहादूचं लग्न आधीच जमत नव्हतं. आता कारखाने पोलिसांचा दाखला मागतील तेव्हा काय होईल, तेही आम्हाला कळत होतं.

लग्न ठरल्या दिवशी लागलं. गुरुजींनी पुकारा केला, मामा, मुलीला घेऊन या. रावजींनी आपला मुलगा तयार ठेवला होता, चुलत का होईना मामाच तो. जावयांनी त्याला हाताने थांबवलं. गुरुजींनी पुन्हा पुकारलं. शेवटी उज्वलाच उठली आणि मुलीला घेऊन आली. योगिनीच्या मागे जिथे मामा उभा राहतो तिथे कोणी नव्हतं. लोकांनी अक्षता टाकल्या, वाजंत्री वाजली.

पंगती उठल्यावर मी एका बाजूला खुर्चीवर बसले होते. जावई येऊन शेजारी बसले. मोडलेला हात मांडीवर ठेवलेला, तो अजून सरळ होत नाही.

"मामी, विहिरीवर तुमी पाह्यलं होतं."

"पाह्यलं होतं."

"मग भावकी बसवा," ते म्हणाले. "मला उभं राहायचंय. आधी माझ्या हातून झालं."

हेच कोर्टात बोलायचं होतं. तिथे ते बोलले असते तर कोणीतरी लिहून घेतलं असतं.

"बसवू की, जावईबापू," मी म्हणाले. "पन समोर बसून अर्धा गूळ कोन खाईल?"

मांडववाले खुर्च्या गोळा करत आमच्यापर्यंत आले. आम्ही दोघं उठलो आणि त्यांना खुर्च्या दिल्या.