अष्टमीच्या दुपारचं पाणी

मी एक जुना धारण तलाव आहे, आणि मी चिडलेलो आहे. मित्रांनो, तुम्ही नाकाला रुमाल लावून माझ्या काठाने पळता आणि मला खुशाल ‘नाला’ म्हणता. म्हणून आज तुम्हाला सगळं ऐकवणार आहे. आवडो वा न आवडो.

नवी मुंबई वसवताना नेरुळमध्ये, सारसोळे गावाजवळ मला खोदलं. शहराची जमीन सखल. भरतीच्या वेळी मोठा पाऊस झाला, तर पाणी जाणार कुठे? ते मी पोटात साठवायचं आणि ओहोटी लागली की खाडीत सोडायचं, असं ठरलं. माझ्या तोंडाशी लोखंडी झडप बसवली होती. ती गंजून उघडीच अडकली, तेव्हापासून भरतीला खाडी सरळ आत येते. झडप दुरुस्त करायला अजून कोणाला सवड मिळालेली नाही. तरीही मी कित्येक पावसाळे तुमचे जिने कोरडे ठेवले.

सारसोळ्याची सखू तेव्हा माझ्या चिखलात कोपरापर्यंत हात घालून निवट्या पकडायची. निवट्या म्हणजे चिखलावर उड्या मारणारे मासे. गावात तिच्या टोपलीची वाट पाहायचे. मला तिचा फार अभिमान वाटायचा.

मग काठावर बारा मजली सोसायटी उभी राहिली. एकदा तिचा मैलापाण्याचा पंप बिघडला. कमिटीने मैलापाण्याची नळी माझ्याकडे येणाऱ्या पावसाळी गटाराला जोडली, ‘दोन दिवसांपुरती’. त्याला सात वर्षं झाली! संडासाचं, मोरीचं, वॉशिंग मशीनचं, सगळं पाणी माझ्या पोटात. निवट्यांना साबणाचा वास येऊ लागला. गिऱ्हाइकं घेतलेले मासे परत आणून देऊ लागली. सखूने मान खाली घालून ते घेतले. त्या दिवशी मला वाटलं, फुटून सोसायटीत शिरावं.

सखूने महापालिकेत तक्रार केली. सोसायटीचे चेअरमन अभय यांनी पाणी तपासणाऱ्या, पालिकेच्या आशुतोषला पौर्णिमेच्या दुपारी बारा वाजता बोलावलं. का, तर तेव्हा वास येत नाही! अहो, येणार कसा? पौर्णिमेच्या दुपारी मोठी भरती असते. आशुतोषने बाटली भरली.

सखू बांधावरून ओरडली, “आरं, ह्ये खाडीचं पानी हाय, तलावाचं नाय! आठमीला ये, दुपारला सुकती असते.” सुकती म्हणजे ओहोटी.

“आजी, तिथी बघून आमची ड्युटी लागत नाही,” तो हसला.

अहवाल आला. पाणी उत्तम! सोसायटीने तो लिफ्टमध्ये लावला.

पण सखूने आशुतोषचा पिच्छा सोडला नाही. शेवटी तो अष्टमीला आला. खाडी ओसरली होती आणि उरलं होतं ते फक्त तुमचं पाणी, काळं, फेसाळ. बाटली भरताना त्याने तोंड फिरवलं. “सॉरी आजी,” एवढंच म्हणाला.

नवा अहवाल आला आणि माझ्याच काठावर सोसायटीची सभा भरली. मी श्वास रोखून ऐकत होतो. आता नळी निघणार!

“नळी बदलायची तर सगळं आवार खोदावं लागेल,” अभय म्हणाले. “उगाच टेन्शन नको. आपण काठाने रातराणी लावू. वासाचा प्रॉब्लेम सॉल्व्ह.”

टाळ्या वाजल्या. ठराव मंजूर झाला.

सखूला आता माझ्याकडे काही मिळत नाही. ती त्याच सोसायटीत सातव्या मजल्यावर भांडी घासते. त्या भांड्यांचं पाणीही माझ्याकडेच येतं.

मित्रांनो, रातराणी छान फुलली आहे. तुम्ही तिच्याजवळ उभे राहून फोटो काढता. मला तुमची फुलं नकोत आणि तुमची कीवही नको. एकच करा. आज घरी गेलात की आईबाबांना विचारा, आपल्या संडासाचं पाणी कुठे जातं?

त्यांना माहीत नसेल, तर त्यांना अष्टमीच्या दुपारी माझ्याकडे घेऊन या. मी दाखवतो.