शेजारच्या सीटवरचे धक्के

मित्रांनो, मी एक जुना शॉकअप आहे. पुस्तकात माझं नाव शॉक अॅब्सॉर्बर असं लिहितात, पण त्या नावाने मला आजवर कोणी हाक मारलेली नाही. सध्या माझा मुक्काम एका गॅरेजच्या मागच्या भिंतीपाशी, फुटके सायलेन्सर आणि गुळगुळीत टायर यांच्या शेजारी आहे. अंगावर गंज चढलाय. पण अकरा वर्षं मी एका दणकट पिकअपच्या मागच्या चाकापाशी इमानाने काढली आहेत, तेव्हा माझं म्हातारपण पाहून नाक मुरडू नका.

कारखान्यात माझा जन्म झाला तेव्हा मी निळा आणि चकचकीत होतो. पोटात तेल भरलं, त्यात बारीक भोकांचा दट्ट्या बसवला आणि तोंड बंद केलं. गाडी खड्ड्यात आदळली की हा दट्ट्या धावतो, तेल त्या भोकांतून नाइलाजाने पलीकडे जातं आणि उसळलेली गाडी शांत होते. एवढंच माझं काम. ओझं उचलतात ते पोलादी पाटे. मी फक्त त्यांची उसळी आवरतो. पाट्यांचं नाव होतं, आमचं होत नाही. असो.

आम्हा चौघा भावंडांना ज्या पिकअपला बसवलं, ती काचवाल्या काकांची होती. खिडक्यांच्या काचा, दुकानांचे आरसे, कपाटांची दारं, सगळं त्या गाडीतून जायचं. सोबत काकू असायच्याच. मापं त्या घ्यायच्या, काच काका कापायचे आणि उतरवताना एक कड त्यांची, दुसरी ह्यांची. काका सगळ्या जगावर खेकसत, पण काच धरली की "सावकाश" हा शब्द काकूंनी म्हणायचा आणि काकांनी ऐकायचा, असा रिवाज होता.

काय दिवस होते ते! घरात माणसांचा राबता, धड दोन शब्द बोलायची सोय नाही. त्यामुळे ह्या नवराबायकोचा खरा संसार आमच्या गाडीतच झाला. लेकीला पुढे शिकवायचं हे केबिनमध्ये ठरलं. काकूंच्या दिराशी अबोला तिथेच धरला आणि तिथेच सोडला. भांडणंही झकास व्हायची. खालून मला सगळं ऐकू यायचं. एकदा भर रस्त्यात काकू म्हणाल्या, "आज गाडी कशी अलगद चाललीय, नाही?" मित्रांनो, उभ्या आयुष्यात माझं झालेलं कौतुक एवढंच. ते मी अजून विसरलेलो नाही.

मग वय झालं. माझं सील गेलं आणि तेल पाझरू लागलं. त्यावर धूळ बसून चिखलाचा थर झाला. कोणी वाकून पाहिलं नाही. दोन वर्षं मी नुसता लटकत होतो म्हणा ना. गाडी उड्या मारायची, पण काका काचांमध्ये इतका पेंढा आणि घोंगड्या कोंबायचे की काचांना काही व्हायचं नाही. काकू मात्र बसता-उठता दाराची कड धरू लागल्या. बोलल्या नाहीत. दुखणं अंगावर काढायची त्यांची सवय.

आणि एक दिवस न्हाव्याच्या दुकानाचा मोठा आरसा वाटेत तडकला. काकांनी आकाशपाताळ एक केलं. त्याच आठवड्यात काकू डॉक्टरकडे जाऊन आल्या आणि गाडीला टेकून म्हणाल्या, "डॉक्टरांनी धक्के बंद सांगितलेत. मी आता घरीच बसते. तुम्ही एखादा माणूस बघा मदतीला."

काकांचा चेहरा मला दिसला नाही, पण चप्पल बराच वेळ एकाच जागी उभी होती. मग त्यांनी गाडी थेट गॅरेजात आणली.

मिस्त्रीने मागचा कोपरा दोन्ही हातांनी दाबून सोडला. गाडी तीनदा वरखाली झाली. "चांगला असता तर एकदाच वर येऊन थांबली असती," तो म्हणाला. "चारही गेलेत, काका."

"सगळ्यात कडक असतील ते घाल. गाडी वजनाची आहे. नाजूक काम नको."

"वजन पाटे उचलतात, काका. फार कडक घातले तर रिकामी गाडी दगडासारखी आदळेल."

"तू घाल रे!"

ऐकावे जनाचे, करावे मनाचे, हा काकांचा जुनाच खाक्या. मिस्त्रीने जाड नळ्यांचे चार काळे शॉकअप चढवले. जुनं टाकवत नाही म्हणून काकांनी आम्हाला मागच्या हौद्यात फेकलं. एवढी वर्षं गाडी सांभाळून मी पहिल्यांदाच तिच्यात बसलो.

दुसऱ्या दिवशी परीक्षा. काकांनी काचा भरल्या आणि काकूंना गळ घातली, "एकदा बस तरी. नाही जमलं तर पुन्हा म्हणणार नाही." भरल्या गाडीत प्रवास छान झाला. काका हरखले. काचा उतरल्या आणि रिकामी गाडी परत निघाली. बाप रे! मी हौद्यात हातभर उडत होतो. नवे नापास झाले म्हणून मला क्षणभर गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला सांगू. पण केबिनमधून काकूंचं कण्हणं ऐकू आलं आणि माझी मलाच लाज वाटली.

"अहो, थांबवा गाडी."

काकांनी थांबवली. "काचा तर नीट पोचल्या की गं!"

"काचाच पोचल्या! जाताना काचा असतात, येताना कोण असतं गाडीत? एक आरसा तडकला तर तुम्ही चारही शॉकअप बदललेत. माझी कंबर दोन वर्षं दुखतेय."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत का?"

उरलेला रस्ता गाडी बैलगाडीच्या चालीने गॅरेजात आली. मिस्त्रीने सगळं ऐकलं आणि हात पुसत म्हणाला, "काका, तुम्ही काकूंच्या जागेवर बसा. गाडी मी चालवतो."

अकरा वर्षांत काका त्या सीटवर कधी बसले नव्हते. तिथे धरायला स्टिअरिंग नसतं, आणि चालवणाऱ्याला जो खड्डा आधी कळतो तो शेजारच्याला आदळल्यावरच कळतो. मिस्त्रीने एक फेरी मारली. पहिल्या खड्ड्याला काका "अरे, अरे" म्हणाले. दुसऱ्याला त्यांनी दाराची कड धरली, अगदी काकू धरायच्या तिथेच.

उतरल्यावर ते मिस्त्रीला म्हणाले, "मला विचारू नकोस. हिला विचार."

"हे काळे बटाटे वाहणाऱ्या एका गाडीला लावतो," मिस्त्री म्हणाला. "ती कधी रिकामी धावतच नाही."

मग काकूंनी निवड केली. पहिला संच चढवला, रिकाम्या गाडीतून फेरी झाली, काकूंनी मान हलवली. "डोलतेय. भरल्यावर काचा एकमेकींवर जातील." दुसरा संच रिकाम्याला मऊ आणि ओझ्याला आवरून धरणारा होता. त्या फेरीनंतर काकू लगेच उतरल्या नाहीत. आत बसूनच म्हणाल्या, "हे राहू देत. उद्या कुठे जायचंय आपल्याला?"

'आपल्याला' ऐकून काकांनी उगाच मिस्त्रीच्या पाठीत थाप मारली आणि डोळे पुसायला रुमाल समजून तेलकट फडकं घेतलं.

मला त्यांनी इथेच ठेवलं. आता भंगाराच्या गाडीची वाट पाहतोय, आणि त्याचं फारसं दुःखही नाही. फक्त एक विनंती आहे, मित्रांनो. आवाज करणाऱ्या वस्तूकडे सगळेच धावतात. तुमच्या घरातही कोणीतरी मुकाट्याने धक्के सोसत असेल. काही तडकेपर्यंत थांबू नका, त्यांना विचारा. आणि "काही नाही, बरी आहे" असं उत्तर आलं, तर एकदा त्यांच्या जागेवर बसून बघा.