वहीतलं माप

मास्तरांनी शिवलेली विजार कुणाच्या कमरेवरून घसरली, असं तीस वर्षांत झालं नव्हतं. घसरली ती एकट्या मास्तरांचीच. आणि ती घसरावी म्हणून भल्या माणसाने काय काय उद्योग केले, ते ऐकण्यासारखं आहे.

चौकात त्यांचं शिवणाचं दुकान. पुढे मास्तरांचं मशीन, मागे पडद्याआड काजं-बटणं करणारी बायको, आणि वर राहायच्या दोन खोल्या. एकुलती एक लेक परगावी दिलेली. तिचं आधी एकदा पोटातच गेलं होतं, त्यामुळे या खेपेला सगळे जीव मुठीत धरून होते. आठवा महिना सरत आला आणि डॉक्टरांनी तिला अंथरुणातून हलायचं नाही म्हणून बजावलं. ते ऐकून मास्तरांच्या काळजाचं पाणी झालं. देवापुढे हात जोडून ते बोलून गेले, "पोरीची सुखरूप सुटका होऊ दे. चाळीस दिवस, सूर्य मावळेपर्यंत, पाण्याशिवाय काही घेणार नाही."

बायको शेजारीच उभी होती. तिने लागलीच लेकीला फोन लावला. लेक रडत म्हणाली, "बाबा, तुम्ही उपास धरलाय ना, मग मला आता भीती नाही." झालं, परतीचा रस्ता बंद.

तीन दिवस मास्तरांनी नेटाने काढले. चौथ्या दिवशी अकराच्या सुमाराला त्यांचा हात 'काळी बटणं' लिहिलेल्या खणाकडे गेला. त्या खणात आता बटणं कमी आणि बिस्किटांचे पुडे जास्त होते. ते तिथे कसे आले, हे मास्तर स्वतःलाही विचारत नव्हते. एक बिस्कीट म्हणजे काही जेवण नव्हे, असं त्यांनी देवाला समजावलं. दुपारी पुडा संपला, तेव्हा समजावण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आता उपासाचा माणूस वाळायला तर हवा. इथे मास्तरांची कारागिरी कामी आली. बायको वर गेली की ते स्वतःच्या विजारीची कंबर उसवत, आत दुमडलेलं कापड अर्धा इंच सोडत आणि पुन्हा टाके घालत. मग संध्याकाळी घरात विजार दोन्ही हातांनी सावरत फिरायचं. "बघ गं, कशी ढिली झालीय."

"होय हो," बायको म्हणायची आणि ताटात आणखी एक पोळी वाढायची. दिवसा बिस्किटं, संध्याकाळी दुप्पट जेवण. आठवडाभरात कंबर एवढी सुटली की सोडलेला अर्धा इंच भरून निघाला आणि मास्तरांना पुन्हा उसवायला बसावं लागलं. बायको दिवसभर पडद्याआड असायची आणि मास्तर पुढे, त्यामुळे ती काय खाते, काय नाही, हे त्यांनी कधी पाहिलं नाही. चोराचं लक्ष आपल्याच गाठोड्यावर.

एकतिसाव्या दिवशी लेकीकडून निरोप आला, आता कधीही होईल, यायच्या तयारीत राहा. मास्तरांना उत्साह आला. कपाटातलं निळं कापड काढून त्यांनी बायकोला हाक मारली. "नातवंडाला बघायला नवा ड्रेस घालून चल. ये, माप घेतो."

"वहीत आहे की माप. ते घ्या."

"ताज्या मापाशिवाय मी आजवर कात्री लावली नाही. ये इकडे."

ती येईना, तेव्हा मास्तरच टेप घेऊन पडद्याआड गेले. टेप गुंडाळला आणि आकडा बघून पुन्हा गुंडाळला. वहीत छत्तीस होतं. टेप तेहतीस म्हणत होता. पण अंगातला ड्रेस तर कसा चापून बसला होता. मास्तरांनी बगलेखालची शिवण उलटी करून पाहिली. आत एकापाठोपाठ एक तीन शिवणी होत्या, तिन्ही नव्या दोऱ्याच्या, बारीक हातटाक्याच्या. ते टाके मास्तरांनी झोपेतही ओळखले असते.

त्यांनी वर तिच्या तोंडाकडे पाहिलं. "तुला काही झालंय का? माझ्यापासून लपवतेस?"

"मला काय धाड भरलीय," ती म्हणाली. "उपास आहे. आज सत्ताविसावा."

"तुझा? का?"

"घरातून नवस बोलला गेलाय. एकाचं पोट ऐकत नसेल तर दुसऱ्याने धरायचा. पुड्याचा कागद वाजतो, अहो. पडदा आहे तो, भिंत नाही." मग तिने टेप हिसकावून त्यांच्या कमरेला लावला. "अडीच इंच वाढ. आणि करड्या विजारीला काळा दोरा? धुताना मलाच लाज वाटली. असलं काम गिऱ्हाइकाला देता का?"

मास्तरांना हसू आलं असतं, पण रडूच आलं. महिनाभर हे आपली विजार ढिली करत होते, आणि ती बिचारी आपले कपडे आवळत होती, ह्यांना कळू नये म्हणून. ते पुढे गेले, काळ्या बटणांचा अख्खा खण काढून आणला आणि तिला बसवून तिच्या मांडीवर ठेवला.

"खा."

"अजून नऊ दिवस आहेत."

"ते माझे. खा म्हणतो ना."

तिने एक बिस्कीट उचललं, पडदा सारून सूर्याकडे एकदा पाहिलं आणि खाल्लं. मास्तर कापायच्या टेबलाशी गेले, निळं कापड पसरलं आणि खडूने रेघा ओढू लागले.

तिने तिथूनच पाहिलं. "अहो, चुकताय. तेहतीस आहे."

"वहीतलंच घेतलंय. छत्तीस."

"ताज्या मापाशिवाय कात्री लावत नाही ना तुम्ही?"

"नाही लावत," मास्तर म्हणाले आणि कात्री लावली. "तू भरून काढ."

एकोणचाळिसाव्या दिवशी मुलगी झाली, बाळ-बाळंतीण दोघी ठणठणीत. चाळिसावा पुरा करून दोघं दवाखान्यात पोचली, तेव्हा निळा ड्रेस अजून थोडा सैलच होता. मास्तरांचे नऊ दिवस मात्र खरे निघाले होते. सगळं कापड सोडलेली ती करडी विजार खरोखरच घसरत होती आणि ते ती एका हाताने धरून उभे होते.

लेकीचे डोळे भरून आले. "बाबा, चाळीस दिवस माझ्यासाठी किती सोसलंत हो."

बायकोने त्यांच्या दंडाला चिमटा काढला, गप्प राहा म्हणून. मास्तर गप्प राहिले नाहीत.

"मी नऊच दिवस," ते म्हणाले. "बाकीचे तुझ्या आईच्या सैल ड्रेसात बघ."