झोपमहाराजांचा काळा तंबू

सकाळी साडेसहाला तंबूसमोर ही गर्दी! रात्रपाळीवरून सुटलेले बाप्ये आणि बाया, अंगावर खडीची पांढरी धूळ, तशाच रांगेत उभ्या. तंबूचा पडदा वर झाला की आतून घोरण्याचा आवाज येई आणि बाहेरचे सगळे हात जोडत. घोरण्याला नमस्कार करणारी माणसं मी जन्मात पहिल्यांदाच पाहिली.

"कपाळाला काठी टेकली आणि दोन मिनिटांत गार!" पुढचा सांगत होता. "चार वर्षं डोळ्याला डोळा लागला नव्हता, बोला!"

मी केस कापतो. वस्तीतलं एकुलतं एक सलून माझं. माझ्या खुर्चीत बसलेलं गिऱ्हाईक गळ्याभोवती टॉवेल गुंडाळेपर्यंत झोपतं. चार वर्षं मी झोपलेल्या माणसांचे केस कापतोय, कलंडलेल्या माना सावरून मनगट दुखायला लागलंय, पण मला कुणी कधी महाराज म्हटलं नाही. तेव्हा थोडी जळजळ माझ्याही पोटात होती, हे आधीच कबूल करतो.

आम्ही डोंगरातले मूळचे लोक. सरकारी कागदावर आदिवासी. डोंगरात खाण निघाली तेव्हा आम्हाला खाली चाळींमध्ये आणून बसवलं. खाण वर, दगड फोडणारा क्रशर खाली आणि क्रशरच्या उशाशी आमच्या खोल्या. तीन पाळ्या, दर पाळीला भोंगा. मोठे दिवे रात्रभर खिडकीतून थेट तोंडावर. एका खोलीत सात माणसं, एका खाटेवर आळीपाळीने दोघं; एक उठला की त्याच्या उबेवर दुसरा आडवा. झोपेचं पार खोबरं झालं होतं. कुणाचा रक्तदाब चढला, पोरं वर्गात पेंगू लागली आणि नवराबायकोची भांडणं तर विचारूच नका.

अशा आयत्या बिळात हे नागोबा शिरले. टेकाडाच्या पलीकडे त्यांनी जाड काळ्या कापडाचा दुहेरी तंबू ठोकला आणि प्रवचन सुरू केलं. "तुम्ही डोंगर सोडलात! डोंगराची देवी रुसली! तुमची झोप तिनं गाठोड्यात बांधून ठेवलीय. मी एकेक गाठ सोडतो. जो जितक्या लवकर झोपेल, तो तितका पुण्यवान!" झोपून उठलेल्याच्या मनगटावर काळा गंडा बांधायचा आणि दक्षिणेची थाळी पुढे सरकवायची. महाराजांचा चेहरा कसा टवटवीत! असणारच. वस्तीत झोप पुरी झालेला तो एकच माणूस होता.

झालं, पुण्याची शर्यत लागली. आणि पहिला आला माझा धाकटा भाऊ. तो खाणीची बस चालवतो. जोडीदार काम सोडून गेल्यापासून दोन पाळ्यांच्या फेऱ्या एकटाच करतो. गेल्या आठवड्यात बसचा आरसा घाटातल्या कठड्याला घासला. महाराजांनी त्याला गंडा बांधून सांगितलं, "आता झोप तुझी दासी. स्टिअरिंग तुझे पूर्वज धरतील." मॅनेजरने पडत्या फळाची आज्ञा मानून तिसरी पाळीही त्याच्याच गळ्यात घातली. त्या बसमध्ये पस्तीस माणसं असतात. त्यांतली एक माझी बायको. आमचे पूर्वज गाडी चालवायला कधी शिकले, हे मला कुणी सांगेना.

मी भ्यालो होतो, खरंच भ्यालो होतो. तडक दवाखान्यात गेलो. तिथली नर्सताई आमच्याच डोंगरातली, वस्तीतली पहिली शिकलेली पोर.

"दादा, तुमच्या खुर्चीत माणूस किती वेळात झोपतो?" तिने विचारलं.

"टॉवेल बांधेपर्यंत."

ती हसली, मग हसू आवरून म्हणाली, "उद्या सकाळी तुमचा कंगवा घेऊन तंबूवर या."

दुसऱ्या दिवशी गेलो तर नर्सताईबरोबर तिची मावशी. मावशीने डोंगर सोडलाच नव्हता. वर झोपडीत शेळ्या राखते, दिवेलागणीला जेवते आणि कोंबडा आरवेपर्यंत झोपते. भक्त मात्र पक्की. तिने महाराजांच्या पायांवर डोकंच ठेवलं.

"महाराज, आधी हिला झोपवा," नर्सताई म्हणाली. "हिच्याइतकी श्रद्धा वस्तीत कुणाची नाही."

महाराजांनी काठी टेकली. मावशीने भक्तिभावाने डोळे मिटले. पाच मिनिटं झाली. दहा झाली. महाराजांना घाम फुटला, मंत्राचा आवाज चढला. पंधराव्या मिनिटाला मावशीने एक डोळा उघडला.

"महाराज, अजून किती वेळ बसायचं? शेळ्या ओरडत असतील."

गर्दीत खसखस पिकली. "देवी आज कोपलीय," महाराज घाईघाईने म्हणाले.

"बरं. आता आमची पाळी," नर्सताई म्हणाली आणि तिने क्रशरवरच्या फिटरला पुढे ओढलं. हा महाराजांना रोज सकाळी नेमाने शिव्या घालणारा. दोन पाळ्या ओळीने करून आलेला. तो तंबूतल्या खुर्चीत बसला, मी त्याच्या कपाळाला माझा दात पडलेला कंगवा टेकला. दीड मिनिट! फिटर असा घोरायला लागला की पडदा हलला.

"कंगव्यात देवी शिरली वाटतं," मागून कुणीतरी म्हणालं.

"देवी कशातच नाही," नर्सताई म्हणाली. "तंबूत अंधार आहे, गारवा आहे आणि टेकाडामुळे भोंगा इथवर पोचत नाही. दमलेला माणूस इथे झोपेल नाहीतर काय गाणी म्हणेल? आणि दिवसाउजेडी दोन मिनिटांत झोपणं हे पुण्य नव्हे. देह हात टेकतोय, त्याची ती खूण आहे."

"माझी गोष्ट वेगळी आहे," धाकटा पुढे आला. "माझ्या हातात गंडा आहे." आणि तावातावाने खुर्चीत बसला. मी कंगवा खिशातून काढायच्या आत त्याची मान छातीवर आली.

सगळे हसणार, तेवढ्यात त्याचा उजवा पाय हलला. झोपेतच तो जमिनीवर टाच रोवून पंजा दाबत होता. पुन्हा पुन्हा, जीव खाऊन. तो ब्रेक शोधत होता.

हसू जिथल्या तिथे विरलं. माझ्या बायकोने तोंडाला पदर लावला. रोज त्या बसने जाणाऱ्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. मी त्याला हलवून जागं केलं.

"पोचलो का?" त्याने विचारलं.

"नाही रे बाबा," मी म्हणालो.

बायकोनेच त्याला पायाचं सांगितलं. त्याने पायाकडे पाहिलं, गंडा तोडला आणि बसची किल्ली तिच्या हातात ठेवली. "वहिनी, आज मी गाडी काढत नाही."

महाराजांनी दुपारच्या आत गाशा गुंडाळायला घेतला. त्यांना कुणी मारलं नाही की अडवलं नाही. म्हाताऱ्यांनी एवढंच सांगितलं, "दक्षिणा पोटाला असू द्या. तुम्ही जा, तंबू तेवढा राहू द्या."

संध्याकाळी नर्सताईने आमचेही कान उपटले. वर डोंगरात आमची एक सवय होती: घर ओस पडू द्यायचं नाही, राखणीला कुणीतरी हवंच. तीच सवय घेऊन आम्ही खाली आलो आणि स्वतः अर्ज करून घरातली माणसं तीन पाळ्यांत वाटून मागितली. त्यामुळे प्रत्येक घरात दिवसातून तीनदा डबे वाजत, तीनदा सगळे उठत. राखणीपायी झोपेचीच चोरी होत होती आणि चोराला दार आम्हीच उघडलं होतं!

मग सगळी वस्ती मॅनेजरकडे गेली. एका घराला एकच पाळी, राखण शेजाऱ्यांकडे, हे त्याच दिवशी ठरलं. दिव्यांना झाकणं बसली. दुसरा ड्रायव्हर मिळाला, तोही बायकांनी बसमध्ये चढायला नकार दिल्यावर. भोंग्याचं भांडण अजून चालू आहे.

सांगायचं एवढंच. पुढे कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी विचारा: हे महाराजांशिवाय होतं का? कंगव्याने होतं का? आणि झोप येत नसेल तर देवीला विचारू नका. खिडकीत दिवा कुणाचा आहे ते बघा.

परवा धाकटा दाढीला आला. मी टॉवेल गुंडाळला आणि सवयीने त्याच्या मानेखाली हात धरला. मान पडलीच नाही. अख्खी दाढी होईपर्यंत पठ्ठ्या जागा होता, आणि बडबडून बडबडून त्याने माझं डोकं खाल्लं. मी एकदाही गप्प बस म्हटलं नाही.