टेंभी नाक्यावरचा घट

"ताई, इथं घट बसवला तर चालंल का?" रखमाबाईंनी विचारलं तेव्हा मी त्यांना गॅसचं बटण दाखवत होते.

ठाण्यात टेंभी नाक्यावरचा माझा वरचा फ्लॅट मी सुट्टीला येणाऱ्या कुटुंबांना आठ-दहा दिवसांसाठी देते. हे गेल्यापासून अकरा वर्षं हाच माझा उद्योग. भिंतीला खिळा नको, गॅलरीत ओले कपडे नकोत, असं मी आधीच बजावते. माझ्या नियमांना लोक नावं ठेवतात, खुशाल ठेवोत. पण घटाचा नियम मी कधी केलाच नव्हता. सुट्टीच्या जागेत घट कोण बसवतं?

"बसवा. फक्त पडद्यापासून लांब," मी म्हटलं.

रखमाबाई आणि त्यांचे यजमान दौलतराव डोंबिवलीचे. मुलगा साईनाथ सहा वर्षांनी मेलबर्नहून येत होता, बायको ऐश्वर्या आणि सात वर्षांच्या कृतिकाला घेऊन. डोंबिवलीच्या एका खोलीत पाच माणसं मावणार कशी, म्हणून दहा दिवसांसाठी ही जागा. दौलतरावांनी प्रत्येक नळ सोडून पाहिला, प्रत्येक गादीवर बसून पाहिलं.

"सहा वर्षं घटापुढं आम्ही दोघंच आरती म्हणतोय," रखमाबाई म्हणाल्या. "यंदा नात टाळ्या वाजवील."

मंडळी आली. पहिल्या माळेला कृतिकाने परडीतल्या मातीत स्वतःच्या हाताने गहू पेरले, दिवा लागला. दोन दिवस माझ्या डोक्यावर नुसती धावपळ चालली होती. एरवी मी वर जाऊन चार शब्द सुनावले असते. या वेळी जावंसं वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मलाही चहाला बोलावलं. साईनाथने मोबाइल आईपुढे धरला. तारकर्ली, समुद्रासमोरच्या खोल्या, पाचही जणांचं बुकिंग. उद्या सकाळी निघायचं, पाच दिवस राहायचं आणि तिकडूनच गोव्याला जाऊन साईनाथ, ऐश्वर्या आणि कृतिकाने परतीचं विमान पकडायचं.

"आई, सरप्राइज. समुद्रात पाय बुडवायचेत म्हणायचीस ना?"

रखमाबाई आधी हसल्या. मग त्यांची नजर घटाकडे गेली.

"अरे, घट बसवलाय रे. घर बंद करून कसं जायचं? दिवा अखंड लागतो."

"डोंबिवलीत तर काकी सांभाळते ना? बुकिंग केलं तेव्हा मला वाटलं, तिकडेच बसवशील."

"जाऊबाईंनी सांभाळलाच असता. तुम्ही सगळी इथं असणार, म्हणून तर मी इथं आणला."

कृतिका म्हणाली, "आजी, खाली नाक्यावरच्या मंडपात एवढी मोठी देवी आहे. ती बघेल ना आपला दिवा."

मी म्हटलं, "मी घालते तेल. माळही चढवते. तुम्ही जा." अगदी मनापासून म्हटलं होतं.

रखमाबाईंनी माझ्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं. क्षणभरच.

"नको ताई. आमच्यात चालत नाही."

मी कपबश्या उचलून आत गेले. राग आला होता, आणि रागाहून जास्त लाज वाटत होती. बाहेर दौलतराव "मी थांबतो, तू जा" म्हणत होते आणि रखमाबाई त्यांना सांगत होत्या, "घट माझ्या हातचा हाय. तुम्ही जावा. दोघांतलं एक तरी असू दे पोरीजवळ."

सकाळी गाडी आली. रखमाबाई खाली उतरल्या नाहीत, गॅलरीतूनच हात हलवत राहिल्या.

दोन दिवस मी वर फिरकले नाही. सहाव्या माळेला मात्र राहवेना. भगर घेऊन गेले तर बाई दिव्याशेजारी फोन धरून बसलेल्या. दौलतरावांनी व्हिडिओ पाठवला होता. कृतिका लाटेखाली बुडी मारून पलीकडे निघत होती.

"हिला पोहता येतं," त्या म्हणाल्या. "मला ठाऊकच नव्हतं." आणि त्यांनी तो पुन्हा लावला.

नवव्या दिवशी मुलगा, सून, नात गोव्याहून उडाले. दसऱ्याला पहाटे दौलतराव खोपटच्या एसटी डेपोत एकटेच उतरले आणि आल्या आल्या सामान बांधायला लागले. रखमाबाईंनी घट उठवला, मग मला हाक मारली. परडीतलं धान वीतभर वाढलं होतं. घट उठला की त्याचे तुरे घरातल्या पोरींच्या केसांत खोवतात.

तुरा हातात धरून त्या घरभर बघत राहिल्या.

"त्या दिवशी तुम्हाला हो म्हणाले असते," त्या म्हणाल्या, "तर पोरीला पाण्यात बघितली असती मी. आता परत कवा येतील? तवर ती मोठी झालेली असंल."

त्या जवळ आल्या. माझं डोकं दोन्ही हातांनी थोडं खाली वाकवलं आणि तुरा माझ्या पांढऱ्या केसांत खोवला. नीट बसेना, म्हणून पुन्हा काढून खोवला.

मी तशीच वाकून उभी राहिले. अकरा वर्षांत माझ्या केसांना कुणाचा हात लागला नव्हता.